पहिली खिडकी

बझर वाजला आणि वाजला म्हणेपर्यंत गप्पही झाला. बॅटरीताईने हातातला पाना तसाच टाकला, हात ॲप्रनला पुसत बॅटरीच्या खोलीतून ती बाहेर पडली आणि लांबलचक बोळ धावत ओलांडून कंट्रोल रूममध्ये शिरली. तिथे सगळं शांत होतं. पॅनेलवर एकही दिवा पेटलेला नव्हता. समोरच्या खुर्चीत पॅनेलबाई चहावर फुंकर घालत बसल्या होत्या, काही घडलंच नसावं तशा.

"कोणती होती?" ताईने धापा टाकत विचारलं.

"काय कोणती?"

"खिडकी, आई. कोणती खिडकी पेटली होती?"

"चार्जरची असेल."

"असेल म्हणजे? पाहिलीस की नाही?"

"अग, येते आणि जाते. त्यात पाहायचंय काय एवढं? पंप बदलला, बझर वाजला, मी बंद केला. बस जरा. पळून पळून तोंड बघ केवढंसं झालंय."

ताई बसली नाही. विझलेल्या पॅनेलकडे ती अशी बघत राहिली, की जणू ते आता तरी तोंड उघडेल.

नदीचं पाणी उचलून टेकडीवरच्या टाक्यांत चढवायचं, एवढंच त्या स्टेशनचं काम. पण तेवढ्या कामावर अख्ख्या शहराचे नळ चालत. स्टेशनात दोन बायका होत्या. पॅनेलबाई पंप चालवत आणि बॅटरीताई त्या पंपांचा लगाम सांभाळी. पहिली दुसरीची आई. नवा माणूस आला की त्याला हे नातं सांगावं लागत नसे. दोघी भांडायला लागल्या की त्याचं त्यालाच कळे.

लगाम म्हणायचं कारण असं, की पंप चालत बाहेरून येणाऱ्या मोठ्या विजेवर, पण त्यांना थांबवणारे स्विच, झडपा मिटवणाऱ्या मोटरी आणि धोक्याचे दिवे चालत ते बॅटरीच्या जोरावर. वीज गेली तरी थांबवणारा जागा हवा, म्हणून ही सोय. एरवी चार्जर सगळा भार उचलतो, वर बॅटरीलाही भरलेली ठेवतो. बॅटरी आपली रांगेत बसून असते. तिची खरी परीक्षा चार्जर बंद पडला तरच.

आणि आज तो बंद पडणार होता. स्टेशनच्या आतल्या विजेचा जुना ट्रान्सफॉर्मर उतरवून नवा बसवायचा होता. क्रेन फाटकापाशी येऊन उभी होती. काम संपेपर्यंत आतली वीज नाही, म्हणजे चार्जर नाही, म्हणजे सगळी भिस्त बॅटरीवर. पंप मात्र त्यांच्या वेगळ्या लाइनवर चालूच राहणार, कारण शहराला पाणी हवंच. अशात बॅटरीने दगा दिला तर धावत्या पंपांना आवरणारं कोणी उरणार नव्हतं. टेकडी चढलेलं पाणी एकाएकी उलटं फिरलं की लोखंडी नळसुद्धा उभा फाटतो.

ताईचं म्हणणं होतं की बॅटरी दगा देणार. पंप बदलताना रोज क्षणभर वाजणारा हा अलार्म खोटा नाही, असं तिने दोनदा कळवलं होतं. दोन्ही वेळा मुख्य कचेरीतून तज्ज्ञ येऊन गेला. चांगला माणूस होता बिचारा. प्रत्येक सेलचं व्होल्टेज त्याने नीट मोजलं, ताईने आदल्या दिवशी मोजलं होतं तेवढंच भरलं, आणि सगळं ठीक आहे असं सांगून तो गेला. त्याचं मोजणं चुकलं नव्हतं. चार्जर चालू असताना बॅटरीची नाडी पाहिली की ती ठणठणीतच लागते. दुखणं दिसतं ते तिला ओझं उचलायला लावलं तर. पण ओझं लावून बघायचं म्हणजे बॅटरी स्टेशनापासून तोडायची, आणि स्टेशनचे साहेब म्हणत, "ज्याचं पोट दुखत नाही त्याचं पोट कशाला फाडायचं?"

पोट दुखतंय हे दाखवणारी गोष्ट एकच होती. पॅनेलवरचे चौकोनी दिवे. त्यांना तिथे सगळे खिडक्याच म्हणत. बिघाड झाला की त्याची खिडकी पेटते, आणि एकामागून एक अनेक पेटल्या तर सगळ्यांत आधी पेटलेली भरभर लुकलुकते, बाकीच्या सावकाश. चार्जरची खिडकी पहिली आली तर दोष चार्जरचा. डीसी म्हणजे बॅटरीकडची वीज; 'डीसी व्होल्टेज कमी' ही पहिली आली तर दोष बॅटरीचा. ओढ लागल्यावर ती मदतीला धावलीच नाही, असा त्याचा अर्थ. एवढं सोपं. फक्त ती पहिली खिडकी कोणी पाहिलेली हवी.

आजही दाखवता आलं नाही तर बॅटरीची खोली बाहेरच्या कंपनीकडे जाणार होती आणि ताई मीटर विभागातल्या टेबलाशी. तसं साहेबांनी कालच सांगितलं होतं, तेही खाली मान घालून. ती खोली ताईचा जीव होता. तिथला आंबूस वास, काळ्या डब्यांच्या दोन मजली रांगा, हातांनी फिरवून फिरवून गुळगुळीत झालेले नट, यातलं काही सोडायची तिची तयारी नव्हती. पण तिला खरं लागलं होतं ते वेगळंच. साहेबांनी पॅनेलबाईंचं मत विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, "बॅटरी चांगली आहे हो. बझरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड म्हातारं झालंय." त्या स्टेशनात बाईंचा शब्द खाली पडत नसे. स्वतःच्या आईनेच आपल्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, हे काही केल्या ताईच्या घशाखाली उतरत नव्हतं.

साहेब आत आले. मानेवरचा घाम पुसत म्हणाले, "क्रेनवाला ताटकळलाय, ताई. करू का सुरुवात?"

"साहेब, एकदा पंप बदलू द्या. मी इथेच उभी राहते. तिथून पळत येईपर्यंत सगळं विझलेलं असतं."

"आत्ताच तर बदलला."

"परत बदलू. एकदाच."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. साहेबांनी फोन उचलून खाली पंपांपाशी सांगितलं. खाली पंपवाले काका होते, स्टेशनातले सगळ्यांत जुने. त्यांनी 'हो' म्हणायच्या आधी एक मोठा सुस्कारा सोडला, तो फोनवरून सगळ्यांना ऐकू आला.

ताई पॅनेलच्या अगदी जवळ, डोळे फाडून उभी राहिली. खाली पंप थांबला, दुसरा सुरू झाला. त्याच्या स्विचची दणकट स्प्रिंग ओढणारी मोटर घरघरली. हीच ती मोटर, जी क्षणभर डीसीचा मोठा घास घेते. बझरने तोंड उघडलं. एक हात आडवा आला, टक असा आवाज झाला आणि पॅनेल पुन्हा कोरं.

ताईला खिडकी दिसली नाही. तिला दिसला तो हात. अंगठा एका बटणावर, करंगळी दुसऱ्यावर, दोन्ही एकदम. हात कधीच परत जाऊन चहाच्या कपाशी बसला होता, आणि बाईंची नजर तर पॅनेलवर नव्हतीच. त्या पंपाच्या मीटरकडे बघत होत्या.

हा हात ताई लहानपणापासून बघत आली होती. स्टेशनभर त्याला 'बाईंचा ठेका' म्हणत. एक बटण बझर गप्प करणारं, दुसरं खिडक्या पुसून टाकणारं. आधी पहिलं दाबायचं, मग खिडकी वाचायची, कारण शोधायचं आणि मग दुसरं दाबायचं, अशी मूळची योजना. बाईंनी दोन्ही एका फटक्यात दाबायची कला साधली होती. नवीन ऑपरेटर आला की आधी ठेका शिके आणि मग पंप. ज्याचा बझर अर्ध्यात तुटे त्याला बाकीचे मान देत. आपल्या पाळीत बझर कधी पुरता वाजू दिला नाही, हा बाईंचा अभिमान होता आणि स्टेशनचाही. इतकी वर्षं सगळ्या पाळ्यांतले सगळे हात तोच ठेका धरत आले होते. खिडक्या रोज पेटत होत्या, आणि कोणीही वाचायच्या आत पुसल्या जात होत्या.

"आई," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तू दोन्ही बटणं दाबतेस."

"मग? सगळेच दाबतात."

"सगळे तुझ्याकडे बघून दाबतात."

बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे काय म्हणायचंय तुला? माझ्यामुळे बिघडलीय तुझी बॅटरी?"

"बॅटरी बिघडलीय तिची ती. ती रोज ओरडून सांगतेय, आणि तू रोज तिच्या तोंडावर हात ठेवतेस."

साहेबांनी उगाचच खिशातलं पेन काढून परत ठेवलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता. एवढ्या लोकांना पाणी पाजणाऱ्या बाईला असं कोणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते पोटच्या पोरीने. ताईलाही वाटलं, जरा जपून बोलायला हवं होतं. पण जे बोललो ते खरं आहे, हेही तिला तितकंच वाटत होतं.

"बरं," बाई शेवटी म्हणाल्या. "नाही दाबत. लावा पंप. बघू तरी काय दिसतंय तुम्हाला."

साहेबांनी पुन्हा फोन केला. या वेळी काकांचा सुस्कारा लांबला. पंप बदलला, मोटर घरघरली, बझर ओरडला, आणि टक.

तिघेही बाईंच्या हाताकडे बघत होते. त्यांत बाईही होत्या. अंगठा आणि करंगळी अजून बटणांवरच होती.

"मी नाही दाबलं," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच ओशाळल्या. "म्हणजे... मी ठरवलं नव्हतं ग दाबायचं. गेलाच तो."

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" साहेबांनी भीतभीत सुचवलं.

"का म्हणून? पाळी माझी आहे. पॅनेल सोडून मी कधी गेलेली नाही." बाई ताठ झाल्या. मग त्यांनी टेबलावरच्या किटलीकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि ताईला म्हणाल्या, "दोन कप भर. काठोकाठ."

"आत्ता चहा?"

"भर म्हटलं ना."

ताईने दोन कप भरले. बाईंनी एक उजव्या हातात घेतला, एक डाव्या. चहा इतका भरलेला होता की श्वास घेतला तरी हिंदकळत होता. तशा त्या पॅनेलसमोर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "आता लावा."

"हे शेवटचं हं," साहेब म्हणाले. त्यांना क्रेनचीही काळजी होती आणि पंपांचीही. खाली काकांनी या वेळी सुस्कारा टाकला नाही, सरळ शिवी हासडली.

पंप बदलला. मोटर घरघरली. बझर सुटला.

त्या खोलीत त्याचा आवाज असा पूर्णपणे कोणी ऐकलाच नव्हता. भिंती थरथरल्या. साहेबांनी कानांवर हात ठेवले. बाईंचा उजवा हात उसळला, गरम चहा मनगटावरून ओघळला, बाईंनी दात ओठांत रुतवले, पण कप सोडला नाही. डावाही सोडला नाही. डोळे मिटून त्या तशाच बसून राहिल्या, आणि त्यांच्या गळ्यातली शीर टरारून आली होती.

पॅनेलवर दोन खिडक्या पेटल्या होत्या. चार्जरची सावकाश लुकलुकत होती. आणि वरच्या रांगेतली, 'डीसी व्होल्टेज कमी', भरभर, जीव खाऊन लुकलुकत होती.

"साहेब!" ताई त्या आवाजावर ओरडली. "बघा! वाचा तुम्ही! मोठ्यानं वाचा!"

साहेबांनी कानांवरचे हात काढले, चष्मा सारखा केला आणि शाळेतल्या मुलासारखं वाचलं. मग ताईने एकाच बोटाने बझर बंद केला. खिडकी तशीच लुकलुकत राहिली. कोणीतरी यावं, वाचावं, म्हणून ती इतके दिवस पेटत होती, आणि आज ती वाचली गेली होती. ताईला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "क्रेनला थांबायला सांगतो. काय करायचं ते करा, ताई. पण बॅटरी तोडायची म्हणजे तेवढा वेळ आपण नुसत्या चार्जरवर?"

"साहेब, आपण गेले कित्येक दिवस नुसत्या चार्जरवरच आहोत."

साहेब स्वतःच फाटकाकडे पळाले.

ताईने बॅटरी स्टेशनापासून सोडवली आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली भाराची पेटी ओढत आणली. ही पेटी म्हणजे जाड तारांच्या वेटोळ्यांचा एक डबा; बॅटरीला जोडला की ती खरंच किती ओझं उचलते ते कळतं. ताईने पेटीचा खटका खाली केला. क्षणात व्होल्टेज असं कोसळलं की बघत उभ्या असलेल्या साहेबांच्या तोंडून 'बाप रे' निघालं. रोज ठणठणीत दिसणारी बॅटरी ओझं पडताच मटकन खाली बसली होती.

आता प्रश्न एवढाच होता की कुठे. ताई मीटर घेऊन रांगेच्या टोकाला गुडघ्यांवर बसली. पहिला सेल चांगला. दुसरा चांगला. वरची सगळी रांग तपासून झाली, एकाही सेलने मान टाकली नव्हती. खालची रांग झाली, तीही तशीच. साहेबांचा चेहरा पुन्हा उतरायला लागला.

"मग गेलं कुठे सगळं?"

"डब्यांमध्ये नाही गेलं," ताई म्हणाली. "डब्यांच्या मधे गेलं."

ती पुन्हा सुरुवातीपासून निघाली. या वेळी मीटरची टोकं सेलवर नव्हती, एका सेलला दुसऱ्याशी बांधणाऱ्या जोडावर होती. तिथे मीटरने जवळजवळ काहीच दाखवायला नको. एक जोड, दुसरा, तिसरा, मीटर शून्याला चिकटून. वरची रांग संपून खालच्या रांगेशी जोडणारी एक जाड काळी केबल होती. दिसायला सगळ्यांत देखणी तीच. टोकांना झळझळीत नट, वर पेट्रोलियम जेलीचा गुळगुळीत थर. तो थर ताईनेच दर वेळी मायेने चोपडला होता. तिने मीटरचं एक टोक वर लावलं आणि एक खाली.

मीटरवरचा आकडा उडाला. जे व्होल्टेज सगळ्या रांगेतून नाहीसं झालं होतं, ते सगळं त्या हातभर केबलमध्ये बसलं होतं.

ताईने पेटीचा खटका वर केला, नट सोडले आणि केबल ओढली. केबल आली, पण तिचं टोकाचं पितळ जागेवरच राहिलं. वरच्या रबरी टोपीच्या आत, जिथे कोणाची नजर पोचत नव्हती, तांब्याच्या तारा खाऊन खाऊन हिरवी भुकटी झाली होती. चार्जरचा चमचाभर प्रवाह तेवढ्यातून कसाबसा जायचा, म्हणून सगळं ठीक दिसायचं. घागरभर मागितला की वाट बंद.

"सापडलीस!" ताई एवढ्या जोराने ओरडली की बोळाच्या दुसऱ्या टोकाला पॅनेलबाई खुर्चीतून उठल्या. केबल डोक्यावर धरून ताई बोळातून धावत गेली. तिचे हात भुकटीने आणि जेलीने माखले होते, केस सुटले होते, आणि कोणी पाहिलं असतं तर ताईला वेड लागलं म्हणाला असता. तिने केबलचं तुटकं टोक आईच्या नाकापुढे धरलं.

बाईंनी ते बोटांनी चोळलं. हिरवी भुकटी टेबलावर सांडली.

"हे होय," त्या म्हणाल्या. "हेच सांगत होती होय ती." मग वर न बघता, "माझं चुकलं ग. मी साहेबांना उगाच सांगितलं कार्डाचं."

ताईने काय बोलायचं म्हणून मनात बरंच काही साठवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. "हात दाखव," ती म्हणाली. बाईंच्या मनगटावर चहाचा लाल पट्टा उठला होता. ताईने कोपऱ्यातला नळ सोडून तो हात पाण्याखाली धरला आणि मग नवी केबल बसवायला पळाली.

नवी केबल बसली. भाराची पेटी पुन्हा जोडली, खटका खाली पडला, आणि बॅटरी जरा वाकून तिथेच उभी राहिली. ताईने मुद्दाम वाट पाहिली. पेटीच्या तारा तापून लाल झाल्या, खोलीत गरम हवा पसरली, तरी आकडा हलला नाही. साहेबांनी तिच्या हातातला मीटर घेऊन स्वतः खात्री केली, आणि मग फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून क्रेनला आत बोलावलं.

आतली वीज बंद झाली तेव्हा ताई पॅनेलच्या मागे होती. तिथल्या अरुंद, उबदार जागेत तारांच्या जुडग्यांमधून वाट काढून तिने मीटर डीसीच्या मुख्य पट्टीला लावला होता. बझर वाजला, तो चार्जर बंद झाल्याचा; यायलाच हवा होता. पुढच्या बाजूने बाईंनी तो बंद केला आणि खिडकी वाचून साहेबांना सांगितली. मग स्टेशनच्या आत विजेवर चालणारं सगळं निपचित झालं आणि खाली पंपांची घरघर तेवढी उरली.

"एक पंप थांबवून दाखवा," ताई पॅनेलमागून ओरडली. "आत्ता. बॅटरीवर."

बाईंनी पॅनेलवरची मूठ फिरवली. स्विच खणकन सुटला. मोठी झडप मिटायला लागली, सावकाश, जशी मिटायला हवी तशी, आणि टेकडीवरचं पाणी जागच्या जागी थोपलं. ताईच्या मीटरवरचा आकडा जेमतेम वाकला आणि सरळ झाला. मग बाईंनी दुसरा पंप लावला. स्प्रिंगची मोटर घरघरली, तिने आपला घास घेतला, आणि पॅनेलवरची एकही नवी खिडकी पेटली नाही. खालून काकांनी फोनवर विचारलं, "झालं का तुमचं खेळून?" आणि साहेब एवढे हसले की त्यांना खुर्ची घ्यावी लागली.

बाहेर क्रेन ट्रान्सफॉर्मर उचलत होती. स्टेशन बॅटरीच्या खांद्यावर उभं होतं आणि खांदा हलत नव्हता. ताई पॅनेलमागे पाठ टेकून उभी राहिली. पाय दुखत होते. आज पहिल्यांदा तिला कुठे पळायचं नव्हतं.

"ताईंना खोलीतून हलवायचा विषय संपला हं, बाई," पुढच्या बाजूने साहेबांचा आवाज आला. "मीच फोन करतो वर."

"हलवून तर बघा," बाई म्हणाल्या.

साहेब पुन्हा हसले. "पण एक सांगा. ही दोन बोटांची सवय तुम्हाला लागली कुठून? पुस्तकात तर नाही असं."

बाईंची खुर्ची करकरली.

"पॅनेलच्या मागे जागा आहे ना, तिथे ऊब असते," त्या म्हणाल्या. "स्विचचं रिकामं खोकं होतं एक, त्यात दुपटं अंथरून निजवायचे. घरी ठेवायला कोणी नव्हतं. झोप इतकी हलकी, की बझर वाजला की दचकून उठायची, आणि एकदा उठली की पाळी संपेपर्यंत रडायची. एक बटण दाबा, मग दुसरं दाबा, कुठला हो तेवढा वेळ? दुसऱ्या बटणाने खिडकी विझताना खटका व्हायचा, त्यानेही उठायची. म्हणून दोन्ही एकदम."

"कोण?" साहेबांनी विचारलं.

त्याचं उत्तर ताईला ऐकू आलं नाही. बाईंनी बहुतेक हनुवटीनेच दाखवलं असावं. ताई मीटर हातात धरून तशीच उभी होती. तिच्या पायाशी एका खोक्याएवढी मोकळी फरशी होती. इथून ती हजारदा गेली होती, तारा ओढत, वाकत, कुरकुरत. हळूहळू ती खाली बसली आणि पॅनेलच्या कोमट पत्र्याला तिने डोकं टेकलं.

बाहेर आरोळी उठली. नवा ट्रान्सफॉर्मर जागेवर बसला होता. थोड्या वेळाने दिवे आले, चार्जर गुरगुरून उठला, आणि त्याच्या उठण्याबरोबर बझर सुटला. तो वाजत राहिला. पत्र्यातून थेट ताईच्या डोक्यात घुमायला लागला. ती कानांवर हात ठेवून बसली, पण तो काही थांबेना.

"आई!" ती ओरडली. "आई, अग बंद कर ना तो!"

"वाचतेय मी," पुढून बाईंचा आवाज आला, मोठा आणि खुशीतला. "वाजू दे की. आता जागी आहेस ना तू?"